चाचणीचं बाळ

“ते खोटं बाळ आधी काढून टाक,” फोनवर ऑफिसातला सौमित्र म्हणाला. “मग ॲप डेटा क्यूबला जोड आणि मोकळी हो.”

काढते म्हटलं. सगळ्या अंगणवाड्यांतल्या मुलांची वजनं त्या क्यूबमध्ये गाव, महिना, वय अशी रचून ठेवलेली असतात. ॲप लिहायला घेतलं तेव्हा चाचणीपुरती एकच नोंद मी क्यूबमध्ये घातली होती. गाव मनाचं, वजनही मनाचं. नाव तेवढं खरं होतं, अन्वय. माझ्या पहिल्या बाळासाठी ठेवलेलं. ते पोटातच गेलं.

दुपारी लेकीला मांडीवर घेऊन जोडणीचा कोड चालवला. जोडणी झाली का बघायला अन्वयचंच गाव निवडलं. पडद्यावर एक ठिपका यायला हवा होता, आली अख्खी रेघ. दर महिन्याला कुणीतरी त्याचं वजन करत होतं. छान वाढत होता. लेक जन्मली त्या महिन्यापासून मात्र रेघ खाली उतरत गेली होती.

तेवढ्यात सौमित्रचा पुन्हा फोन. “काढलंस का गं?”

“उपाशी आहे रे तो,” तोंडातून निघून गेलं.

“कोण?”

“काही नाही. थांब जरा.”

फोन ठेवला. लेकीला उजव्या अंगावर घेतलं, डावी मांडी मोकळी केली आणि ओढणी बाजूला सारली.

लेक पिता पिता झोपली. मग हळूहळू डावी मांडीही जड झाली.