कोयत्याची धार

"का रं, माझ्या बायकूला प्रार्थनेच्या नादी लावतो?" असं ओरडत अजिनाथनं शांतवन पास्टरवर कोयता उगारला. पास्टरनं उजव्या हातातलं बायबल आडवं धरलं. कोयता बायबल चिरत मनगटाच्या हाडात रुतला. रक्ताची चिळकांडी तोंडावर उडाली, तसा अजिनाथ कोयता तिथंच सोडून पळाला.

पंधरा दिवस तो सासुरवाडीत दडून बसला. पोलीस काही आले नाहीत. ऊसतोडीचा ट्रक भरायच्या दिवशी तो आपल्या गावी, कड्याला परतला, तर ट्रकपाशी पास्टरची बायको उभी! तिच्या हातात तोच कोयता. आता घाव बसणार म्हणून त्यानं डोळे गच्च मिटून घेतले.

तिनं कोयत्याची मूठ त्याच्या हातात दिली.

"घ्या दादा. ह्याच्याबिगर फडात काय करताल? हाडावर बसून बोथट झालता, ह्यांनी कानशीनं धार लावलीय. जरा तिरपी लागली असंल. डाव्या हाताची सवय न्हाई त्यांना अजून."