राहुदे

मोजणीदाराने पहिली खुंटी ठोकली ती नेमकी वालाच्या मांडवाशी. हातोडीचा दणका वेलाला बसू नये म्हणून म्हातारा पुढे झाला आणि त्याने वेल हाताने बाजूला धरला.

"आता कशाला जपताय, काका?" मोजणीदार म्हणाला. मनाने वाईट नव्हता तो. "पुढच्या आठवड्यात इथे बुलडोझर फिरणार."

"बियाण्याच्या शेंगा आहेत," म्हातारा म्हणाला. "वेलावरच वाळायला हव्यात."

शेत विकलं गेलं होतं. गुडघे गेले तेव्हा म्हाताऱ्याने स्वतःच होकार दिला होता. कोणी फसवलं नाही, कोणी गळ घातली नाही, त्यामुळे रागवायचं म्हटलं तरी समोर कोणी नव्हतं. तरीसुद्धा यंदा त्याने वाल लावलेच. शहरातून आलेल्या मुलीने मांडव बघून कपाळावर हात मारून घेतला होता.

सकाळपासून त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. बाकी सगळं जाऊ दे, पण हा कोपरा ठेवून घ्यायचा, मांडवापुरता. मुलीने नव्या मालकाकडे शब्द टाकला तर तो ऐकेल, आणि मोजणी संपेपर्यंत तिला सांगता येईल. दाढी करताना त्याने मुलीला कळेल असं, इकडच्या भाषेत वाक्यही जुळवून ठेवलं होतं, सभ्य, कोणाला जड जाणार नाही असं.

मोजणीदाराने नकाशा उलगडून मांडीवर ठेवला.

"राहुदे. नाव झकास आहे हो शेताचं. देवाचं वगैरे आहे का?"

"पणजोबांचं असेल," मुलगी म्हणाली. "आमच्याकडे सगळं पणजोबांचंच असतं."

तिचे पणजोबा, म्हणजे म्हाताऱ्याचे आजोबा, अंगावरच्या सदऱ्यानिशी आणि बियाण्याच्या गाठोड्यानिशी या परक्या मुलखात आले होते. त्यांनी रान तोडलं, जमीन नांगरली आणि हा कोपरा तसाच सोडला. दोन पिकं काढायची आणि घरी परतायचं, मग मरमर कशाला करायची? शेजारच्या शेतकऱ्याने कोपऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, तिथे काय लावणार? प्रश्न हातवाऱ्यांवरून कळला, पण उत्तराला भाषा नव्हती. हात झटकून आजोबा आपल्या भाषेत म्हणाले, राहू दे. शेजाऱ्याला वाटलं, जागेचं नाव सांगतायत. त्याने ते गावभर केलं. गावाने नकाशावर चढवलं, आणि पुढे रस्ता झाला तेव्हा बसच्या थांब्यालाही तेच चिकटलं. परत मात्र कोणी गेलं नाही. आजोबांच्या मुलाने कोपरा साफ केला, नातवाने मांडव घातला.

बस थांब्याला लागली की कंडक्टर ओरडायचा, "राहुदे, राहुदे!" आणि म्हातारी नवऱ्याला कोपर मारून म्हणायची, "तो बिचारा राहू दे, राहू दे म्हणतोय, आणि तुम्ही उतरताय कुठे?" वर्षानुवर्षं तोच विनोद. दोघं पोट धरून हसायची आणि सगळी बस त्यांच्याकडे बघत बसायची. म्हातारी गेली. कंडक्टर अजून ओरडतो, म्हातारा पिशवी उचलून गुमान उतरतो. विनोदालाही दुसरं माणूस लागतं. घरची भाषा तो आता फक्त मांजराशी बोलतो, आणि मांजर इकडचं.

मुलीला ती भाषा आली नाही. आई आणि बाबा, एवढे दोन शब्द तिच्याजवळ उरले होते. त्यातला एक आता कामाचा नव्हता.

शेवटची खुंटी ठोकून झाली. मोजणीदाराने फीत गुंडाळायला घेतली. आता नाही तर कधीच नाही, हे म्हाताऱ्याला कळत होतं. त्याने घसा साफ केला.

तेवढ्यात मुलगी मांडवात शिरली. "निदान शेंगा तरी घेऊन जाऊ या, बाबा. वाया कशाला घालवायच्या?" आणि तिने हाताला लागेल ती शेंग तोडायला सुरुवात केली.

शेंगा हिरव्या होत्या. लहानपणी आई त्याच्या हातावर चापट मारून सांगायची, बियाण्याच्या शेंगेला हात लावायचा नाही. जुळवून ठेवलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं आणि तोंडातून घरचंच निघालं.

"राहू दे."

मुलीने वळून पाहिलं. म्हाताऱ्याने हात पसरून शेंगा दाखवल्या, मांडव दाखवला, पलीकडच्या खुंटीपर्यंतचा सगळा कोपरा दाखवला.

"पोरी, एवढं राहू दे."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने जवळ येऊन त्याचा पसरलेला हात हातात घेतला.

"हो बाबा, राहुदे. मला ठाऊक होतं, तुम्हाला त्या नावाचंच वाईट वाटेल. मी मुद्दाम बोलले नव्या मालकांशी. नाव तेच ठेवणार आहेत. फाटकावर मोठ्या अक्षरांत लावणार आहेत."

"लावायलाच हवं," मोजणीदार म्हणाला.

दाढी करताना जुळवलेलं वाक्य आता आठवलं, अगदी शब्दन् शब्द. पण मागून झालं होतं, आणि मिळालंही होतं. दुसऱ्यांदा मागायला त्याची जीभ उचलेना.

मुलगी पुन्हा शेंगा तोडू लागली. तिची ओंजळ भरली तशी म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली आणि तिच्यापुढे उलटी धरली.