लाल मोटार, काळी मोटार

वाटूरच्या फाट्यावर जहागीरदारांच्या दोन मोटारींवरून आमचा रोज वाद व्हायचा. त्यांच्या लेकाची जुनी, लाल, शर्यतीची मोटार बिनटपाची. धुरळा दिसला की कामं टाकून बघायला धावायचो. जहागीरदारांच्या बेगमसाहेबांची काळी, बंद, पडदे कायम ओढलेले; त्यांचं तोंड गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. “लाल पळंल, पर काळीत खाट मावंल,” त्रिंबक म्हणायचा. एक दिवस आमच्यातल्या कचरूची बायको बाळंतपणात अडली. जालन्याचा दवाखाना बैलगाडीला लांब होता, म्हणून बायकांनी तिला बाजेवर घालून फाट्यावर आणलं. दोन्ही मोटारी येताच कचरू हात जोडून रस्त्यात उभा राहिला. लालमध्ये निजायला जागा नव्हती. काळीपाशी जायची कुणाची छाती होईना. तेवढ्यात पडद्याआडून आवाज आला, “इनको मेरी जगह सुलाओ, जल्दी.” काळीचं दार उघडलं, तसे आम्ही सगळे, कुणी न सांगता, शेतांकडं तोंड करून उभे राहिलो. बेगमसाहेब उघड्या लाल मोटारीत लेकाशेजारी जाऊन बसल्या. काळी कचरूच्या बायकोला घेऊन जालन्याकडं गेली, मागून लाल मोटार निघाली. आम्ही तिचा नुसता आवाज ऐकला.