जोड्या सोडवणारी

“माय, आचलले घरात सडवू नोको. चांगला पोरगा पाहून तिचं लगन लावून देजो.” दवाखान्यात वीरेंद्र आपल्या बायकोबद्दल एवढंच बोलला होता. रुख्मानं मरणाऱ्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून ‘हो’ म्हटलं होतं. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून तिचा एक सोमवार चुकला नाही, तुळशीचं पाणी चुकलं नाही.

आत्ता तिच्या बोटांत एकमेकांना चिकटलेले दोन पतंग होते. चिचगडच्या कोसा रेशमाच्या केंद्रात तिचं कामच ते. रात्री जुळलेल्या जोड्या दिवसा सोडवायच्या. नर बाजूला, मादी अंडी घालायला डबीत. पंखांची भुकटी घामावर चिकटायची. मादीनं सोडलेलं तपकिरी पाणी मनगटावरून ओघळायचं. आंघोळ करून देवापुढे बसलं तरी नाकात तोच वास. 

आज तर माद्या ठेवलेल्या जाळीच्या बाहेरूनही नर लोंबत होते. पंख फाटलेले, तरी धडपड चालूच.

“ह्या मेल्यायले कोणं बोलावलं?”

“मादीनंच,” इथली जुनी बाई सुलोचनाबाई हसली. “बुडातून वास सोडते. पार जंगलातून येतेत.”

“शी! काही लाज?”

सकाळी सुनेलाही ती हेच म्हणाली होती. आचल मोगऱ्याचं तेल लावून अंगणात उभी होती. “कोणासाठी वो?” आचल गप्प. नवरा गेल्यापासून ती गप्पच होती. रुख्मानं बाटली उकिरड्यावर फेकली, हात धुतले आणि पूजेला बसली.

“लाज?” सुलोचनाबाईनं एक मादी उलटी करून तिच्यापुढे धरली. “तोंड पाह्य इचं.”

रुख्मानं नाक मुरडून पाहिलं. केसाळ डोकं. खाली काहीच नव्हतं.

“तोंडच नाई. तुह्या उपासापेक्षा कडक उपास, जलमभर. खाणं नाई, बोलणं नाई. वासानं नाई सांगन तं कायनं सांगन बापडी?”

 बाटली फेकणारा हात तिला आपल्याच अंगाशी नकोसा झाला. हातातली जोडी तिनं न सोडवताच सुपात ठेवली आणि पिशवी उचलली.

“काऊन वो, इतक्यात? आज कोणतं व्रत?” सुलोचनाबाईनं चिडवलं.

“पोराले देल्ला शब्द. दोन वर्षं झाली मोडून,” रुख्मा हळूच म्हणाली, आणि आचलला तिच्या मनातलं विचारायला घराकडे चालू लागली.