शेवटचा भाग आधी

ऋजुताचं उत्तर आलं तेव्हा हेमलताबाई चिवड्याला फोडणी घालत होत्या. सहा वर्षांपूर्वी त्यांनी लेकीला तीन ॲनिमे म्हणजे जपानी कार्टून मालिकांची नावं पाठवली होती, तिन्ही हसवणाऱ्या प्रेमकथा, आणि विचारलं होतं, "यातली कुठली बघू या?" प्रश्न तिच्या दूरवरच्या अंतराळयानापर्यंत पोचायला तीन वर्षं लागली आणि उत्तर परत यायला तीन.

पडद्यावरची ऋजुता गालातल्या गालात हसत होती. "आई, तू नको ठरवूस गं. तू निवडलीस की नायिका हमखास मरते. बाबांना सांग. ते आधी शेवटचा भाग बघतात, लग्न लागतंय ना याची खात्री करून घेतात आणि मगच मला बघू देतात."

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. हेमलताबाईंनी त्याच दिवशी कळवलं होतं, पण ती बातमी अजून वाटेतच होती. लेकीच्या लेखी बाबा आणखी वर्षभर तरी सोफ्यावर पाय पसरून बसलेले असणार होते.

'बाबांनीच निवडली' असं सांगून टाकावं, असं त्यांच्या मनात आलं. पण आज निघालेला निरोप त्या बातमीला कधीच गाठू शकणार नव्हता. तो पोचेल तेव्हा पोरीचं रडून झालेलं असेल.

त्यांनी गॅस बंद केला. सोफ्यावर नवऱ्याच्या जागी बसून तिन्ही मालिकांचे शेवटचे भाग पाहिले. मग लिहिलं, "दुसरी बघ, बाळा. लग्न लागतं. मी आधी बघून घेतलंय."