नवी हलकी शिडी

पितळी अक्षरं भिंतीवर चढत होती आणि आत्याबाई खुर्चीत बसून ती बघत होत्या. शिड्यांच्या या कारखान्यात त्यांचा अर्धा वाटा, अर्धा भाच्याचा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या आज पहिल्यांदाच आल्या होत्या. 'सचोटी' लागली होती, 'दर्जा' लागला होता, 'माणुसकी' जरा तिरकी लागली होती.

ही आपली मूल्यं, असं भाचा सकाळपासून सांगत होता. ती ठरवायला म्हणे बाहेरून सल्लागार आणला होता. घरात हरवलेला चष्मा शोधावा तशी सगळ्या साहेबांनी हॉटेलात बसून, खाऊनपिऊन मूल्यं शोधली. याच्या बापानं जन्मभर कारखाना चालवला, पण त्याला भिंतीवर काही लिहून ठेवायची गरज पडली नाही.

आवारात ट्रक भरत होता. नव्या शिड्यांचा पहिलाच माल. शिडी एका हातानं उचलता येते, भाच्यानं कौतुकानं सांगितलं होतं. नळी तेवढी पातळ केली, बाकी सगळं तेच. मजबुतीचं काय, असं आत्याबाईंनी विचारलं, तर म्हणाला, अजून एकही तक्रार नाही. तक्रार करायला आधी कोणी चढलं तर पाहिजे.

शेवटचा शब्द 'विश्वास'. तो मालकानं स्वतःच्या हातानं लावायचा होता, फोटोसाठी. फोटोग्राफर तयार होता. भाच्यानं केस सारखे केले. एका कामगारानं ट्रकमधली एक शिडी आणून भिंतीला टेकवली. भाच्यानं ती खालपासून वरपर्यंत पाहिली आणि तो कामगाराच्या कानाशी लागला.

"ही नको. शेजारच्या कारखान्यातून मागून आण."

बोलला हळूच, पण आत्याबाईंचे गुडघे बिघडले होते, कान नाहीत. त्यांना किळस आली. उद्या याच शिड्यांवर रंगारी चढणार होते, वायरमन चढणार होते, आणि हे याला पुरतं ठाऊक होतं. त्या काठी टेकत उठल्या.

"चढ."

"आत्या, बूट घसरतात माझे."

"काढ मग."

भाचा हसला. कामगारांपैकी कोणी हसलं नाही. त्यानं बूट काढले, पहिल्या पायरीवर पाय ठेवला, वर पाहिलं आणि पाय काढून घेतला.

"लोकांसमोर कशाला हे, आत्या?"

"चढणार आहेत ते कोण? लोकच ना?"

त्यांनी ड्रायव्हरला गाडी रिकामी करायला सांगितलं. भाचा मागे मागे येत समजावू लागला. एवढं मोठं गिऱ्हाईक तुटेल, बाजारात आपण तोंडघशी पडू.

"पड की. जमिनीवरूनच पडशील," आत्याबाई म्हणाल्या. "हातपाय शाबूत राहतील तुझे."

ट्रकमधून एकेक शिडी खाली येऊ लागली. हलकीच ती, कोणाला दम लागत नव्हता. फोटोग्राफरला यातलं काही कळलं नव्हतं. त्याला पुढच्या कामावर जायची घाई होती. भाचा मोज्यांवर उभा होता, पितळी 'विश्वास' पोटाशी धरून.

"साहेब, इकडे बघा. जरा हसा," फोटोग्राफर म्हणाला आणि त्यानं फोटो काढला.