पाठीशी पाणी

वनरक्षकाचा मेहुणा साहेबांची गाडी चालवायचा. जंगलाची त्याला कधी गोडी नव्हती. त्यामुळे चहा पिता पिता त्यानं तळ्याकाठच्या थोराड हरणाची चौकशी सुरू केली, तेव्हा वनरक्षकाच्या मनात पाल चुकचुकली.

"दाजी, शिंगांचा एवढा पसारा घेऊन तो दुपारचा बसतो तरी कुठे?"

लव्हाळ्यांतल्या उंचवट्यावर, वनरक्षक मनात म्हणाला. पाठीशी पाणी, म्हणजे मागून कुणी येण्याची भीती नाही, आणि समोरची सगळी वाट नजरेत. एवढ्या वयापर्यंत तो उगाच जगला नव्हता.

"पलीकडच्या टेकडीवर," तो मोठ्यानं म्हणाला. "पाण्याकडे फिरकतच नाही हल्ली."

"नक्की?"

"तुला रे कशाला नसत्या पंचायती? सरळ सांग, कुणी पाठवलंय तुला?"

मेहुण्यानं कप खाली ठेवला.

"उद्या साहेबांचे पाहुणे येताहेत, बंदुका घेऊन. तेही तुम्हाला हेच विचारतील. टेकडीच सांगा, दाजी. फक्त सांगताना असं सारखं खिडकीतून लव्हाळ्यांकडे बघू नका."